बिलाल कुलिबालीची वही: दुसऱ्या सीझननंतर

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या वॉशिंग्टन विझर्ड्सच्या बिलाल कुलिबालीचा दुसरा सीझन, म्हणजे 2024-25, संपला. आता पावसाळ्यात मी त्याच्या मॅचेस पुन्हा पहिल्यापासून बघतोय. सीझन चालू असताना हिवाळ्यात त्यांची घरची मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू व्हायची आणि शेवटचा क्वार्टर ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर. त्या घाईत बास्केट कोणी टाकली एवढंच टिपलं जातं. रेकॉर्डिंग थांबवून मागे नेलं की चेंडू नसलेले नऊ जण दिसायला लागतात, आणि कच्च्या खेळाडूचा अंदाज बांधायचा तर तेच बघायला हवेत.

आधी आकडे. 2023-24 मध्ये मॅचला सरासरी 8.4 पॉइंट्स, थ्री-पॉइंटर (लांबून मारलेला तीन पॉइंट्सचा शॉट) 34.6 टक्के. 2024-25 मध्ये पॉइंट्स 12.3, पण थ्री-पॉइंटर थेट 28.1 टक्के. शॉट गेला म्हणून अनेकांनी त्याच्या नावावर फुली मारली. मी मारणार नाही. सीझनला साधारण दोनशे थ्री मारणाऱ्याचा खरा कस 32 टक्क्यांचा असला, तर एका वर्षी 35 आणि दुसऱ्या वर्षी 28 हे नुसत्या नशिबानेही होऊ शकतं. त्याच काळात त्याचे फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारे मोकळे शॉट) सुमारे 70 वरून 75 टक्क्यांपर्यंत चढलेत. फ्री थ्रोला समोर हात नाही, अंतर ठरलेलं, लय आपली आपण धरायची. त्यामुळे मनगट किती भरवशाचं आहे ते तिथे जास्त स्वच्छ कळतं. एनबीएचा स्टार कवाय लेनर्डचं उदाहरण मला कायम आठवतं. कॉलेजमध्ये थ्री-पॉइंटर जेमतेम 25 टक्के, ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) 15 वा, आणि एनबीएतल्या पहिल्याच सीझनला 37 टक्क्यांच्या वर. कॉलेजातल्या त्याच्या फ्री थ्रोमध्ये त्याची चाहूल होती.

वयाचा हिशेबही सोडू नका. कुलिबाली जुलै 2004 चा. 2022-23 च्या सुरुवातीला तो मेट्रोपोलिटन्स 92 या फ्रेंच क्लबच्या ज्युनियर संघात होता, सीझनच्या शेवटी त्याच क्लबच्या व्हिक्टर वेम्बान्यामाच्या जोडीला फ्रेंच लीगच्या फायनलमध्ये उतरला आणि त्याच महिन्यात ड्राफ्टमध्ये सातवा गेला. त्याच्या वयाची बरीच मुलं अजून कॉलेजात खेळताहेत. त्याची तुलना 24 वर्षांच्या गार्डशी (चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूशी) करणं मला पटत नाही.

माझ्या वहीत आता मी पॉइंट्स लिहीतच नाही. चेंडू आल्यावर निर्णयाला किती वेळ लागला, हेल्पला, म्हणजे सहकाऱ्याच्या मदतीला, पाऊल कधी उचललं, आणि एकदा फसल्यावर पुढच्या वेळी काय बदललं, एवढंच लिहितो. यातलं तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. नेरूळच्या कोर्टवर मुलं घडवणाऱ्या आमच्या जुन्या कोचना मी विचारलं होतं, की उंच, चपळ पोरं पुष्कळ येतात, त्यातलं कोण पिकेल हे कसं ओळखता? त्यांनी चुकीनंतरच्या पझेशनकडे, म्हणजे लगेच पुढच्या चढाईकडे, बघायला सांगितलं. तेव्हापासून मी ते सोडलेलं नाही.

कुलिबालीच्या डिफेन्समध्ये हे ठळक दिसतं. समोरच्या संघाचा सगळ्यात अवघड गार्ड बहुतेक वेळा त्याच्याकडे असतो. स्क्रीनखालून (वाट अडवून उभ्या असलेल्या खेळाडूच्या मागून) गेला आणि गार्डने वरून थ्री मारला, तर पुढच्या खेपेला तो स्क्रीनच्या वरून, अंग चोरून, गार्डच्या कमरेला चिकटून येतो. मागे पडला तरी ते लांब हात मागून शॉटपर्यंत पोचतात. हात जन्माने मिळाले, पण रस्ता बदलणं तो शिकलाय, आणि शिकण्याचा हा वेग मला त्याच्या उडीपेक्षा जास्त खुणावतो.

आक्रमणात चित्र अजून अर्धवट आहे. मोकळ्या मैदानात धावताना तो कोणालाही ऐकत नाही, पण बचाव जागेवर उभा राहून हाफ कोर्टमध्ये गर्दी झाली की ड्रिबल (चेंडू आपटत नेणं) उंच जातो आणि चेंडू सुटतो. तरी असिस्ट (बास्केट होणारे पास) मॅचला 1.7 वरून 3.4 झालेत, म्हणजे दुप्पट. चेंडू जास्त हाती आला हे एक कारण, पण नुसतं तेवढंच नाही. पहिल्या वर्षी तो आधी उडायचा आणि हवेत असताना पास शोधायचा. आता पुष्कळदा दोन्ही पाय जमिनीवर ठेवून कॉर्नरमधल्या शूटरला चेंडू देतो. रेकॉर्डिंग हळू करून बघा, फरक लगेच दिसेल.

ग्रीक स्टार याआनिस आंतेतोकुंपो एनबीएत पहिल्या वर्षी 6.8 पॉइंट्सवर होता आणि बाहेरचा शॉट त्याला पुढेही फारसा आला नाही, तरी तो दोनदा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. पण ते शरीर आणि ती ताकद विरळा. कुलिबालीला तो रस्ता नाही, त्याला कॉर्नरचा थ्री लागणारच.

माझा आजचा अंदाज असा: कमीत कमी, चांगल्या संघात दहा वर्षं टिकणारा डिफेंडर. थ्री-पॉइंटर 35 च्या आसपास स्थिरावला आणि ड्रिबल गुडघ्याखाली आला, तर ऑल-स्टारच्या (लीगच्या निवडक खेळाडूंच्या मॅचच्या) चर्चेतलं नाव. पुढच्या सीझनला मी पहिल्या महिन्यात त्याचे फक्त फ्री थ्रो आणि गर्दीतला ड्रिबल टिपणार आहे. 2024 च्या ड्राफ्टमधल्या रॉन हॉलंडवर कोणी अशी वही ठेवत असेल तर सांगा, दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघू.