वरळीच्या दगडात बेडूक शोधताना

रविवारी मेगाब्लॉकच्या आधी पोहोचायचं म्हणून डोंबिवलीहून सकाळी सहाचीच लोकल धरली. सोबत दहावीतली भाची. पिशवीत छिन्नी, हातोडी, जुनी वर्तमानपत्रं आणि पोळीभाजीचा डबा. दादरला उतरून टॅक्सीने वरळी. एका इमारतीच्या पायासाठी खोदलेला दगड बाहेर रचून ठेवलाय, डंपरमध्ये भरला जाण्याआधी तो उकलून बघायला माणसं हवीत, असा निरोप भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांनी पाठवला होता. आम्ही अकरा जण जमलो.

वरळीच्या दगडात सापडलेल्या बेडकांच्या जीवाश्मांबद्दल मी कॉलेजात असताना वाचलं होतं, तेव्हापासून ते डोक्यातून गेले नाहीत. इथल्या टेकडीवर काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा दगड आहे आणि त्याखाली गोड्या पाण्यात साचलेल्या गाळाचे थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरत होता, पण सलग नाही. एक लोट थंडावला की मध्ये बराच काळ जायचा. खोलगट जागी पाणी साचायचं, झाडं रुजायची, कासवं-बेडूक नांदायचे. मग पुढचा लोट येऊन सगळं झाकून टाकायचा. त्या पाण्यातल्या इवल्याशा बेडकाचं वर्णन १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी केलं. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणारे तेच हे ओवेन. आज त्या बेडकाला इंडोबॅट्रॅकस पुसिलस म्हणतात. पुसिलस म्हणजे चिमुकला. पुढे अंधेरीजवळच्या आंबोलीच्या खाणीत कासवही सापडलं. ज्या शहरात मी तीस वर्षं नोकरीसाठी ये-जा करते, त्याच्या पायाखाली हे सगळं आहे, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

सरांनी आधी हात बसवून घेतला. हा शेल दगड शाळेच्या पाटीसारखा थरांचा. छिन्नी थराच्या रेषेत टेकवायची आणि हलक्या हाताने टकटक करायची. जोर लावला की चुरा. नीट बसली तर दगड वहीसारखा उघडतो. दोन्ही अर्धे जपायचे, कारण एकावर वस्तू असते, दुसऱ्यावर तिचा ठसा.

पहिला तास काहीच नाही. नुसता राखाडी दगड, नखांत माती, मानेवर ऊन. नंतर एका पापुद्र्यावर काळपट रेघ दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. सरांनी दगड ओला केला, भिंग धरलं. वनस्पतीच्या देठाचा कोळसा झालेला तुकडा होता. त्याच्या शेजारी खसखशीएवढे फुगीर दाणे होते, ते ऑस्ट्रॅकॉड. दोन शिंपांत राहणारे, कोळंबीचे लांबचे नातेवाईक. एका बाजूने उजेड पडला तेव्हा एका दाण्यावरची दोन शिंपांमधली फट स्पष्ट दिसली. तो जीव तळ्याच्या तळाशी मिटला, तसाच राहिला. मी कितीतरी वेळ भिंग सोडलं नाही.

तिथले मुकादम मघापासून बघत होते. जवळ येऊन म्हणाले, "ताई, दगडात बेडूक गेला कसा?"

"दगड नव्हता तो तेव्हा. चिखल होता."

ते गप्प झाले. मग भिंग मागून घेतलं आणि उकिडवे बसून खूप वेळ पाहत राहिले. "आम्ही असल्या दगडाचे किती डंपर भरून पाठवले असतील," एवढंच बोलले.

मला तेच बोचतं. मेट्रोसाठी, टॉवरसाठी, पार्किंगसाठी मुंबई रोज खणली जातेय. एवढा खोल थर उघडा पडायची संधी एरवी येत नाही, आणि दोन दिवसांत तिथे काँक्रीट ओतलं जातं. थांबवा असं माझं म्हणणं नाही. पण भराव टाकायला दगड नेण्याआधी एखाद्या जाणकाराने तो नजरेखालून घालावा, एवढं तरी व्हायला हवं.

बेडूक मिळाला नाही. दुपारी एकपर्यंत ऑस्ट्रॅकॉडचे नऊ तुकडे आणि देठांचे चार, एवढं कॉलेजच्या संग्रहासाठी निघालं. भाचीने प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला, चिठ्ठीवर तारीख आणि ढिगाचा क्रमांक लिहिला. निघताना मुकादमांनी हाक मारली. एक मोठा, न फोडलेला दगड त्यांनी पत्र्याखाली सरकवून वर घमेलं उपडं घातलं होतं.

"हा पुढच्या रविवारसाठी," ते म्हणाले. "कुणाला हात लावू देत नाही."