पेटीतून आलेली क्रूझर आणि पहिले हजार किलोमीटर

लोखंडी पट्ट्यांच्या सांगाड्यात, पुठ्ठ्यात गुंडाळलेली मोटरसायकल आली. पुढचं चाक वेगळं, हँडल वेगळं, आरसे एका पिशवीत आणि बॅटरी कोरडी. सोबत बारा पानांचं मॅन्युअल. त्यातलं एक वाक्य असं होतं की ‘तेल नसताना गाडीला त्रास देऊ नये.’ भाषांतर कसंही असो, सल्ला बरोबर होता.

गाडी चिनी बनावटीची, २३४ सीसीची छोटी क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटची मोटरसायकल. माझी उंची बेताची. उंच गाडीवर सिग्नलला थांबलो की एका पायाच्या चवड्यावर तोल सांभाळावा लागतो. हिच्यावर दोन्ही पाय सपाट टेकतात. घेण्यामागचं खरं कारण हे, आणि दुसरं किंमत. इंजिनाची मला फारशी धास्ती नव्हती. शेजारीशेजारी दोन सिलिंडर, ५३ मिमी बोअर (सिलिंडरची रुंदी), ५३ मिमीच स्ट्रोक (पिस्टनची धाव), हवेवर थंड होणारं. होंडाच्या १९८५ च्या रिबेल २५० मध्ये होतं, त्याच घराण्यातलं. या धर्तीची इंजिनं चिनी कारखाने वर्षानुवर्षं बनवत आलेत. धास्ती होती ती जोडणीची. गाडी स्वस्तात विकायची तर कात्री लागते ती शेवटच्या टप्प्यावर: बोल्ट नीट आवळणं, ग्रीस भरणं, तपासणी. तेवढं काम घेणाऱ्याच्या अंगावर येतं. रनिंग-इन, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला जपून चालवणं, हे नुसतं इंजिन मोकळं करण्यासाठी अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच रविवारी गेली.

ओळखीच्या एका मिस्त्रीकाकांना फोन केला. ते म्हणाले, “चालवायच्या आधी कोनसेट उघडून बघा. नंतर रडू नका.” कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं बेअरिंग. उघडला. गोळ्यांवर ग्रीस होतं, पण बोटाला जेमतेम लागेल इतकंच. मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या दांड्यावर तर तेवढंही नव्हतं. दोन्ही ठिकाणी चांगलं ग्रीस भरलं. मग पाना घेऊन गाडीभोवती फिरलो. सायलेन्सरचे नट हाताने फिरत होते. याउलट ऑइलचा ड्रेन बोल्ट असा आवळलेला की वाटलं, आटे घेऊनच बाहेर येणार. इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू मऊ धातूचे, त्यांची डोकी एका झटक्यात गोल होतात. इथे एक गोष्ट फार उशिरा कळली. जपानी घराण्यातल्या अशा इंजिनांवरचे चौफुली स्क्रू जपानी मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात वरवर बसतो आणि जोर लावला की निसटतो. दोन स्क्रूंचा बळी दिल्यावर मी जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर आणला आणि बाकीचे काढून ॲलन बोल्ट लावले. स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसवताना आट्यांना जाम न होण्याची पेस्ट लावायची, नाहीतर दोन वर्षांनी ते निघतच नाहीत.

जे बोल्ट हलू शकतात त्यांच्या आट्यांवर निळं थ्रेडलॉक (आटे चिकटवून धरणारा द्रव) टाकलं आणि आवळून झाल्यावर बोल्टापासून बॉडीपर्यंत पांढऱ्या पेंटपेनने एक रेघ मारली. बोल्ट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावून बघावं लागत नाही. याचा पुढे फार उपयोग झाला. या इंजिनात दोन्ही पिस्टन एकदमच वर येतात आणि एकदमच खाली जातात, आळीपाळीने पेटतात तेवढंच. म्हणून आवाज एकसारखा, छान. पण वर-खालीचा हिसका एका सिलिंडरच्या गाडीसारखाच, आणि तो प्रत्येक नटाला जाऊन भेटतो.

बॅटरीत ॲसिड भरून तिच्या क्षमतेच्या एक दशांश करंटवर रात्रभर चार्ज केली. घाईने बटण मारून चालू करायचा मोह होतो, पण पहिलंच चार्जिंग अर्धवट राहिलं तर बॅटरी जन्मभर अर्धवट राहते.

आता इंजिन. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे भिंत घासून घेताना मुद्दाम ठेवलेल्या, बारीक तिरप्या रेघा असतात. पिस्टनच्या रिंगा त्यावर घासून एकमेकांशी जुळतात. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः तिच्या मागे शिरणाऱ्या गॅसच्या दाबाने, आणि दाब येतो इंजिनावर भार पडला की. म्हणून गाडी अगदी गोंजारत, कायम पाव थ्रॉटलवर (ॲक्सिलरेटर जेमतेम पाव पिळून) चालवली तर रिंगा नीट बसायच्या आधीच रेघांवर चकाकी चढते आणि मग गाडी ऑइल पीत राहते. उलट पहिल्याच दिवशी बदडली तर उष्णतेने घात होतो. मॅन्युअल म्हणत होतं, ५०० किमीपर्यंत अर्ध्या थ्रॉटलच्या वर नको, १००० पर्यंत पाऊणच्या वर नको. दुसरा पक्ष म्हणतो, पहिल्यापासून जोरात चालवा. मी मधली वाट धरली. आधी पाच मिनिटं इंजिन कोमट करायचं, मग अर्ध्या थ्रॉटलपर्यंत ठामपणे ओढायचं आणि थ्रॉटल सोडून गिअरमध्येच वेग उतरू द्यायचा. पुन्हा ओढायचं, पुन्हा सोडायचं. सोडताना सिलिंडरमध्ये जी पोकळी तयार होते तिने थोडं ऑइल वर खेचलं जातं आणि घासून निघालेला चुरा धुतला जातो. एकाच वेगावर लांब सपाट रस्ता कापायचा नाही, आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन दबवून धडधडत न्यायचं नाही. दुसरी चूक क्रूझरवर सहज होते, कारण बसण्याची ऐटच तशी असते.

पहिल्या दीडशे किमीत टायरही कोवळे असतात, त्यांच्यावरची चकाकी जाईपर्यंत वळणावर झोपवायची नाही. ब्रेकचे पॅडही तसेच, हळूहळू गरम करत बसवायचे.

पहिलं ऑइल मी ५० किमीलाच काढलं. सगळे वेड्यात काढतात, मीही स्वतःला काढलं होतं. ट्रेमध्ये ऑइल पडलं, त्यावर टॉर्च मारला आणि बारीक चांदीच्या भुकटीसारखी चमक दिसली. जाळीत ॲल्युमिनियमचा एक कुरळा तुकडा आणि पॅकिंगच्या लेपाचे दोन गोळे. भुकटी अपेक्षितच असते, पण तो कुरळा तुकडा बनवतानाच आत राहिलेला होता आणि तो आणखी हजार किमी आत फिरावा असं मला अजिबात वाटत नव्हतं. नवं ऑइल साधं मिनरल, १०डब्ल्यू-४०, डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचं जपानी मानक) लिहिलेलं. ही अक्षरं बघून घ्यायची. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती क्लचमध्ये गेली की क्लच घसरतो. दुसरं ऑइल ३०० ला बदललं, तिसरं १००० ला. तिसऱ्या वेळी टॉर्च मारूनही फक्त काळं ऑइल दिसलं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं कार्बोरेटरने. सकाळी चोक दहा-दहा मिनिटं लागायचा, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके, आणि हळू चालवताना गाडी मिसिंग करत झटके द्यायची. मला इग्निशनवर संशय आला. प्लग बदलला, वायरी हलवून पाहिल्या, एक सैल अर्थिंग सापडली तीही घट्ट केली. फरक शून्य. मग जुन्या प्लगकडे नीट पाहिलं तर टोक पांढरंफटक. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. धुराच्या नियमांत बसण्यासाठी कारखान्यातून मिश्रण पातळ ठेवतात आणि पायलट स्क्रूवर (मंद चालीचं मिश्रण ठरवणाऱ्या स्क्रूवर) पितळी टोपण ठोकून देतात, कोणी हात लावू नये म्हणून. तो स्क्रू हलवणं चालतं का, हे ज्याने त्याने आपल्याकडचे नियम पाहून ठरवावं. मी टोपणाला अलगद छोटं भोक पाडून ते ओढून काढलं. आधी स्क्रू आत फिरवत हलकेच टेकेपर्यंत मोजायचा: सव्वा फेरा निघाला. मग तिथून बाहेर. माझ्या कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला आहे, म्हणजे बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर उलटं, तिथे तो हवा वाढवतो. मी हे आधी उलटं समजलो आणि एक अख्खी संध्याकाळ गाडी आणखी बिघडवत बसलो. शेवटी अडीच फेऱ्यांवर इंजिन शांत झालं. पंधरा दिवसांनी प्लग बदामी निघाला. फटाके अगदीच गेले नाहीत, पण आता ते लांबच्या लग्नातले वाटतात.

मधल्या काळात चेन एकदा चांगलीच लांबली. मागच्या चाकाचे चार स्पोकही सैल निघाले. चाक फिरवत प्रत्येक स्पोकवर पाना टिचकावत गेलं की घट्ट स्पोक ‘टण’ वाजतो आणि सैल ‘थप’. पेट्रोलची रबरी नळी ६०० किमीलाच टोकाशी तडकली, ती अडचण नव्या नळीने आणि दोन क्लिपांनी सुटली. क्रोमवर पहिल्या पावसानंतर तांबूस ठिपके आले. तेव्हापासून धुतल्यावर मेण फासतो. विकणाऱ्याला नळीचं कळवलं, उत्तर आलं की ती खपाच्या मालात मोडते. मोडत असेल.

१००० ला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट, पाहिले. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभी. एकेक सिलिंडर पाळीपाळीने कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणायचा आणि फटीत फीलर गेज (मापाची पातळ पट्टी) सरकवायचा. मॅन्युअलमध्ये ०.०८ मिमी. तीन व्हॉल्व्ह ठीक, एका एक्झॉस्टमध्ये गेज शिरेचना. टॅपेटची टकटक ऐकू आली की माणूस लक्ष देतो. घट्ट झालेला व्हॉल्व्ह मात्र गुपचूप जळतो. लॉकनट सोडून चौथाही ०.०८ वर आणला. आवाज जरासा वाढला आणि मला बरं वाटलं.

आज मीटरवर १४०० आहे. गेल्या ४०० किमीत एकाही बोल्टाची पांढरी रेघ तुटलेली नाही. ऑइलची पातळी काडीवर जिथे होती तिथेच. आरसे मात्र साठच्या पुढे अजून थरथरतात, आणि मागून येणारी प्रत्येक गाडी मला दोनदा दिसते.