मैदानाकडे पाठ

शुक्रवार, २८ मार्च २०२५

मार्च एन्डिंगच्या दिवसांत आमच्या ऑफिसात कुणी कुणाला फोटो पाठवत नाही. पाठवलाच तर तो राहून गेलेल्या बिलाचा असतो. आज दुपारी मात्र भाच्याचा फोटो आला, थेट हाँगकाँगहून. अंगात केडियुं (गरब्याचा घेरदार अंगरखा), खाली चोरणी (तंग पायांची तुमान), डोक्याला आरसे लावलेला फेटा. बरोबर त्याच्या ऑफिसातले तिघं, त्याच वेषात. त्यातला एक तिथलाच, चिनी मुलगा, आणि केडियुं सगळ्यांत जास्त त्यालाच शोभतंय. मागे हिरवंगार मैदान आणि खुर्च्यांच्या रांगाच रांगा.

म्हणजे हाँगकाँग सेव्हन्स सुरू झालं. सात-सात जणांचं रग्बी, तीन दिवस. यंदा नव्या काई ताक स्टेडियममध्ये आहे. पन्नास हजार लोक बसतात, वर सरकतं छप्पर आहे, आणि उभं आहे ते जुन्या विमानतळाच्या जागेवर. १९९८ पर्यंत तिथं विमानं चाळीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांना घासून उतरायची असं लोक सांगतात. घासून वगैरे नाही, पण इमारतींच्या डोक्यावरून उतरायची हे खरं.

फॅमिली ग्रुपवर लगेच गदारोळ. ताईनं लिहिलं, "दिवाळीनंतर जाताना बॅगेत जागा नाही म्हणून भाकरवडी आणि लीलो चेवडो काढून ठेवलास, तो या कपड्यांसाठी?" अप्पांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं: "बडोद्याच्या मराठी माणसानं परदेशात मिरवायचं तर गायकवाडी पगडी घालावी." भाचा म्हणे, "आजोबा, पगडी घालून उड्या मारता येत नाहीत."

यावर अप्पांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. घरात मराठी आणि नवरात्रात नऊ रात्री गरबा, यातच तो वाढला. वेष करून या म्हटल्यावर हाताला जे लागलं ते त्यानं घातलं.

शनिवार, २९ मार्च

आज ऑफिस दोन वाजता सुटलं. मार्चमध्ये याला अर्धा दिवस म्हणतात. घरी आले तर अप्पा टीव्हीसमोर तयार. मोबाइलवरचं प्रक्षेपण टीव्हीवर लावून दिलं आणि त्यांच्या शेजारी जेवायला बसले.

"किती जण?"

"सात."

"आपल्यासारखे सात?"

आपल्यासारखे म्हणजे हुतूतूसारखे. अप्पा तरुणपणी हुतूतू खेळले आहेत, आणि आमच्या घरात हे पाठ आहे की १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं हुतूतूचे नियम छापले आणि त्याच वर्षी इथं अखिल भारतीय सामने भरवले. त्यामुळे सात खेळाडू असलेल्या कुठल्याही खेळाकडे ते घरचं कार्य असल्यासारखे बघतात. मी म्हटलं, सात तेवढेच, पण आपलं मैदान तेरा मीटर बाय दहा, यांचं शंभर बाय सत्तर. पंधरा जणांच्या रग्बीचं मैदान तसंच ठेवून माणसं निम्म्याहून कमी केली.

"मग पकडणार कसे?"

बघता बघता त्यांना कळायला लागलं. चेंडू हातात घेऊन पळायचं, पास मात्र पुढे द्यायचा नाही, मागे किंवा आडवा. धरून पाडलं की पडलेल्यानं चेंडू सोडायचा आणि पाडणाऱ्यानं माणूस सोडायचा. हे अप्पांना मुळीच पटलं नाही. "पकडलेला सोडायचा? मग पकडला कशाला?" पण न्यूझीलंडच्या एका मुलीनं पळणारीच्या गुडघ्याखाली झेप घेतली तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. "पट काढला! काय पट काढला पोरीनं!"

ऑफसाइडचा नियम मी त्यांना समजावला नाही. मलाही तो जेमतेम कळतो.

मग कॅमेरा प्रेक्षकांवर गेला, आणि बराच वेळ तिथंच राहिला. केळी, अंतराळवीर, जोगिणी, दाढीवाल्या परी, एका रांगेत ओळीनं बसलेले आचारी. साउथ स्टँड म्हणून एक बाजू आहे, तिथं अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही, आणि खरा दंगा तिथला. बियर जगनं पितात, आणि प्यायची राहिली तर उडवतात. हे मला आवडलं नाही. वेष करून या, नाचा, बेसूर गा, पण अनोळखी माणसाच्या डोक्यावर बियर ओतण्यात कसली आलीय मजा? भाच्याला तसं लिहिलं, तर म्हणे, "मावशी, म्हणूनच आम्ही दुसऱ्या बाजूला बसलोय. केडियुं ड्रायक्लीनचं आहे."

अप्पांना खटकलं ते वेगळंच. सामना ऐन रंगात, आणि स्टँडातले निम्मे लोक मैदानाकडे पाठ करून मागच्या रांगेशी गप्पा मारतायत. "ही माणसं खेळ बघायला आलीत की स्वतःला दाखवायला?"

मला आधी तेच वाटलं. पण आमचा धंदाच आकडेमोडीचा, त्यामुळे मांडून पाहिलं. एक सामना म्हणजे सात मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. तो संपतो न संपतो तोच पुढचे संघ बाहेर उभे. पुरुषांचे बारा संघ, बायकांचे बारा, सकाळपासून रात्रीपर्यंत हीच रांग. यातला प्रत्येक सामना डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस शनिवारी दुपारीच आडवा होईल. शिवाय गटातली मॅच हरली तरी तो संघ काही तासांनी पुन्हा मैदानात येणार. त्यामुळे हरल्याचं दुःख करायलाही कुणाला फुरसत नाही. लोक खातात, पितात, ओळखी काढतात, आणि खेळावर कान ठेवून असतात.

कान ठेवून, हे दुपारभर बघितल्यावर लक्षात आलं. एखाद्याला फट सापडली की एक आवाज उठतो, आधी खालच्या रांगांमधून, मग वर चढत जातो. सात माणसांना एवढं मैदान झाकता येत नाही, म्हणून एकदा फट फुटली की पुढे साठ-सत्तर मीटर मोकळं रान. ते पार करायला कितीही वेगानं पळणारा गडी असला तरी सात-आठ सेकंद लागतात. पाठ करून बसलेल्या माणसाला तेवढ्यात ग्लास खाली ठेवून वळता येतं, कुणाकडे चेंडू आहे ते शोधता येतं आणि शेवटचे वीस मीटर ओरडताही येतं. क्रिकेटमध्ये तुम्ही समोशाकडे बघितलंत की विकेट गेली. हा खेळ वळायला वेळ देतो. गरब्यात सगळ्यांत बाहेरच्या फेरीतल्यांना मधला गायक कुठं दिसतो? तरी त्यांची टाळी चुकत नाही.

अप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, "हं." त्यांचा "हं" म्हणजे मान्य नाही, पण वाद पुढे कधीतरी.

रात्री उगाच वाचत बसले. हा सात जणांचा प्रकार निघाला तो स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावी, १८८३ साली. क्लबच्या तिजोरीत खडखडाट होता, पैसे उभे करायला काहीतरी सामने भरवू अशी चर्चा चालू होती, आणि नेड हेग नावाच्या खाटकानं सुचवलं की पंधरा-पंधराचे इतके सामने एका दिवसात होणार नाहीत, संघ लहान करा. म्हणजे खेळाच्या मुळाशीच जमाखर्च आहे. मला नेड हेगबद्दल एकदम आपुलकी वाटली.

त्याहून मोठी गंमत आपल्याकडची. कलकत्त्याला इंग्रजांचा एक रग्बी क्लब होता, तो १८७८ मध्ये बंद पडला. बँकेतली शिल्लक त्यांनी चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवले आणि त्याचा कप केला. तीन नाग म्हणजे तीन मुठी, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड अजून दरवर्षी त्या कलकत्ता कपसाठी भांडतात. बंद खात्याची शिल्लक इतक्या देखण्या रीतीनं निकालात काढलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. उद्या साहेबांना सांगणार होते, पण उद्या पाडवा.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, कडुलिंब, अप्पांचं पंचांगवाचन. दुपारी श्रीखंड-पुरी, आणि ताई, भाऊजी, आत्या, आत्याच्या सुना असा सगळा लवाजमा जेवून हॉलमध्ये पसरला. कुणाचीही झोप होऊ दिली नाही. टीव्ही चालू.

आत्यानं विचारलं, आपली टीम कुठाय? या बारांत भारत नाही, म्हटलं. "मग आपण कुणाचे?"

अप्पा म्हणाले, "फिजीचे."

कालपासून त्यांचं हे ठरलंय. फिजी म्हटलं की त्यांना आजवर गिरमिटच आठवायचं, १८७९ ते १९१६ मध्ये उसाच्या मळ्यांवर नेलेली आपली माणसं. आता तिथले गडी आठवतात. एका हातात चेंडू, तीन जण अंगावर, तरी पडता पडता पाठीमागून पास. देशाची वस्ती दहा लाखांच्या आत, बडोद्यात त्याहून जास्त माणसं राहतात. २०१६ मध्ये रिओला त्यांनी अंतिम सामन्यात ब्रिटनला ४३-७ नं धुतलं. फिजीचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक, आणि तेही सोन्याचं. सरकारनं त्याच्या आठवणीत चक्क सात डॉलरची नोट काढली. टोकियोत पुन्हा सोनं. पॅरिसला फ्रान्सनं घरच्या मैदानावर हरवलं, तेव्हा रुपं. जिंकल्यावर ते गोल करून उभे राहतात आणि स्तोत्र म्हणतात, खड्या सुरात, दोन-तीन आवाजांत. आत्याला ते फार आवडलं. "भजन म्हणतात बघ," म्हणाली आणि सुनांना गप्प केलं.

आणि फक्त आम्हीच फिजीचे नव्हतो. भाचा म्हणतो, आपला संघ मैदानात नसला की स्टेडियममधले बहुतेक जण फिजीचे असतात. इंग्रज, ऑस्ट्रेलियन, केडियुंवाले, सगळे. कुणाचाही ट्राय झाला, म्हणजे चेंडू पलीकडच्या रेषेपार टेकवून गुण मिळाले, तरी टाळ्या पडतात. चांगलं पळला, बस्स.

यावर भाऊजी एकदम गंभीर झाले. १९ नोव्हेंबर २०२३ ला ते अहमदाबादला होते. वर्ल्ड कपचा अंतिम सामना, नव्वद हजारांहून जास्त माणसं, आणि ऑस्ट्रेलियाचा ट्रॅव्हिस हेड फटके मारत असताना चेंडू बॅटला लागल्याचा टक् आवाज वरच्या मजल्यावर ऐकू यायचा, असं ते नेहमी सांगतात. इतकी माणसं आणि एका सुंदर शतकाला मोजक्या टाळ्या. "आपल्याकडे प्रेक्षक येतो तो निकाल घ्यायला," ते म्हणाले.

मला हे पूर्ण पटत नाही. याच फेब्रुवारीत आम्ही बडोद्याजवळ कोटंबीच्या नव्या स्टेडियममध्ये डब्ल्यूपीएलचा, म्हणजे बायकांच्या क्रिकेट लीगचा, पहिला सामना बघितला. गुजरात विरुद्ध बंगळुरू. गाव गुजरातमधलं, पण आमच्या रांगेतल्या सगळ्या मराठी बायका बंगळुरूकडून खेळणाऱ्या सांगलीच्या स्मृती मानधनासाठी ओरडत होत्या, आणि गुजराती पोरींच्या अंगावरही लाल जर्सी होत्या. रिचा घोषनं दोनशेच्या वरचा पाठलाग संपवला तेव्हा यजमान हरले म्हणून कुणी हिरमुसलं नव्हतं. तेव्हा निष्ठा इकडेतिकडे करायला आपल्यालाही जमतं. फक्त समोर इंडियाची निळी जर्सी नको.

अप्पांनी कालचा वाद आता काढला. "ज्याला हरल्याचं दुःख नाही, त्याच्या जिंकल्याच्या आनंदात काय दम?"

कुणीच बोललं नाही. श्रीखंडाचाही परिणाम असेल. पण संध्याकाळी पुरुषांचा अंतिम सामना अर्जेंटिनानं फ्रान्सकडून काढला, आणि भाच्याचा व्हिडिओ आला. त्याच्या पुढच्या रांगेत अर्जेंटिनाचे मोजके लोक, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट घातलेले. त्यातला एक पन्नाशीचा बाप्या दोन्ही हात तोंडावर ठेवून ढसाढसा रडतोय. त्याच्या खांद्यावर हात ठेवून एक केळं उभं आहे. आमचा केडियुंवाला चिनी मित्र त्याला पाणी देतोय. म्हणजे त्या गर्दीत जीव लावून बघणारेही होते. नुसत्या मजेला आलेल्यांनी त्यांना जागा करून दिली, एवढंच.

अप्पांना व्हिडिओ दाखवला. पुन्हा लाव म्हणाले. मग, "ते केळं कोण आहे?"

सोमवार, ३१ मार्च

ईदची सुट्टी, पण आम्हाला कुठली. वर्षाचा शेवटचा दिवस, रात्री साडेनवाला घरी. साहेबांना कलकत्ता कपची गोष्ट सांगितली, त्यांनी विचारलं की कपाची नोंद कुठल्या खात्यात केली असेल. यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली आणि एक फाइल तशीच राहिली.

भाच्याचा फोन येऊन गेला, आवाज पूर्ण बसलाय. केडियुंवर शेवटी बियर पडलीच, रविवारी, जिन्यात, कुणाचा तरी धक्का लागून. ताईला सांगू नको म्हणाला. पुढच्या वर्षी अप्पांसाठी पगडी घालणार आहे, मापाची आणि हनुवटीखाली बांधायचे बंद असलेली मिळाली तर. तशी पगडी कोण करून देईल ते रावपुऱ्यात विचारायचं काम माझ्याकडे आलंय.

अप्पा जागेच होते. पुढचे सामने सिंगापूरला, ५ आणि ६ एप्रिल, हे त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. सहाला रामनवमी. दुपारी बाराला रामजन्म, मग सुंठवडा, आरती, लोकांचं येणं-जाणं. "फिजीची मॅच किती वाजता ते आधी विचारून ठेव," म्हणाले. "कीर्तनकारांना वेळ सांगायला बरं."