चॅनेल १२० आणि दहा मिनिटांची शांतता

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या छोट्या कारखान्यात मी संगणकांची देखभाल करतो, तिथे जर्मनीहून आलेल्या यंत्रासोबत एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुरवणारी पेटीही आली होती. कुठल्या देशाचे रेडिओ नियम पाळायचे या सेटिंगमध्ये तिचा देश जर्मनी ठेवलेला होता, चॅनेल (वायफायच्या लहरींचा ठरलेला पट्टा) १२० नेमलेले होते आणि सुरक्षेच्या समजुतीने नेटवर्कचे नाव लपवलेले होते. कामगारांचे फोन तिला जोडले जात. माझ्या लिनक्स लॅपटॉपला मात्र नाव, पासवर्ड अचूक भरूनही ते सापडत नव्हते. शिवाय वीज जाऊन आली की फोनही बराच वेळ वायफायविना राहत आणि सुपरवायझर येऊन सांगत, “साहेब, वायफाय परत गेलं.”

ओझरचा हवाई तळ जवळ असल्यामुळे रडारच आडवे येत असेल, असे एका सहकाऱ्याचे ठाम मत होते. मलाही क्षणभर ते पटले, पण ॲक्सेस पॉइंटच्या नोंदींत रडार आढळल्याची एकही ओळ नव्हती. मग वीज आल्यावर मी घड्याळ लावून बसलो. पेटी सुरू झाल्यानंतर नेटवर्क उमटायला दहा मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागला, आणि हाच आकडा उपयोगी पडला. युरोपीय नियमांनुसार ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झचा पट्टा हवामान रडारांसोबत वाटून घेतलेला असल्याने तिथे प्रक्षेपण सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे नुसते ऐकावे लागते. रडारांसोबत वाटून घेतलेल्या इतर चॅनेलांवर हीच तपासणी एका मिनिटात उरकते. चॅनेल १२० चा काही भाग नेमका त्या पट्ट्यात येतो.

लॅपटॉपचे कोडे वेगळे होते. ‘आयडब्ल्यू’ या आज्ञेने चॅनेलांची यादी काढली, तेव्हा देश ‘००’, म्हणजे जगभर चालेल असा सावध संच, लागू असल्याचे आणि १२० पुढे ‘नो आयआर’ (स्वतःहून प्रक्षेपण सुरू करायला बंदी) व ‘रडार डिटेक्शन’ (रडारची तपासणी आवश्यक) अशा दोन खुणा असल्याचे दिसले. अशा चॅनेलवर माझ्या जुन्या कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) वायफाय ड्रायव्हर ‘इथे अमुक नावाचे नेटवर्क आहे का’ अशी विचारणा स्वतःहून पाठवत नाही; सुमारे ११० मिलिसेकंद कान देऊन बसतो आणि बीकन, म्हणजे ॲक्सेस पॉइंट ठरावीक वेळाने पाठवतो तो ओळखसंदेश, आला तर नोंदवतो. बीकन साधारण १०२ मिलिसेकंदांनी येतो, त्यामुळे तो ऐकू येत होताच. पण नाव लपवले की बीकनमधली नावाची जागा रिकामी असते आणि नाव मिळवण्यासाठी विचारणाच करावी लागते. काही वायफाय चिपांचे फर्मवेअर (चिपमध्येच चालणारे सॉफ्टवेअर) बीकन ऐकल्यावर ती विचारणा करते, म्हणून फोन जोडले जात असावेत.

साध्या चॅनेलवर बीकन ऐकू आला की कर्नल सावध संचातली बंदी शिथिल करतो, रडारच्या चॅनेलवर तसे करत नाही. पडताळणीसाठी लॅपटॉपचा देश मिनिटभर जर्मनी केला, तरी रडारची खूण तशीच राहिली. ड्रायव्हरला मी दोन दिवस उगाच शिव्या दिल्या होत्या. तो बिचारा नियमाने वागत होता.

मालकांना विनंती करून प्रथम फक्त नाव उघडे केले. चॅनेल तेच असूनही नेटवर्क पुढच्याच स्कॅनमध्ये दिसले आणि जोडलेही गेले. त्यानंतर दोन्हीकडे देश भारत केला आणि रडारच्या पट्ट्याबाहेरचे चॅनेल ३६ नेमले. दुपारी वीज पुन्हा गेली आणि आली, तेव्हा सुपरवायझर तक्रार घेऊन माझ्या टेबलापर्यंत पोहोचण्याआधीच त्यांच्या हातातला फोन जोडला गेला होता.