पट्टीवरचं नाव

ठाण्याच्या नौपाड्यात माझं ट्रॉफ्या आणि सन्मानचिन्हांचं दुकान आहे. वरची बाहुली, चषक, पंख हे सगळं कॅटलॉगमधलं, एकाच साच्यातून शेकड्यांनी निघणारं. त्यातली पितळी पट्टी तेवढी एका माणसाची असते. म्हणून आमच्याकडे पट्टीचा मजकूर दोनदा वाचल्याशिवाय मशीनवर जात नाही.

जूनमध्ये, ॲडमिशनच्या धावपळीच्या दिवसांत, एक मुलगी वडिलांबरोबर आली. वडिलांच्या दोन्ही हातांत जड पिशव्या. मी तिला ओळखलं नाही, पण आमच्या दुकानातल्या पोरानं ओळखलं आणि एकदम तिच्या मालिकेतल्या नावानं हाक मारली. ती हसली. लहानपणी तिनं केलेली ती भूमिका तेव्हा रोज संध्याकाळी घराघरांत दिसायची. मालिकेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मुलगी नुकतीच अठराची झाली आहे, तिच्या मागे पुन्हा लोक लागायला नकोत.

ट्रॉफ्या काउंटरवर मांडल्या. गणेशोत्सव मंडळांच्या, नवरात्रातल्या, एका महिला मंडळाची आणि दोन वाहिनीच्या सोहळ्यातल्या. आईनं कौतुकानं चिंच लावून घासल्यामुळे ओतीव जस्ताच्या दोन-तीन चांगल्याच काळवंडल्या होत्या. त्या मशीनवर घासून पुन्हा सोनेरी मुलामा देता येतो. प्लास्टिकवर चकाकी चढवलेल्या असतात त्यांचं काही होत नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. पण पॉलिशसाठी ती आलीच नव्हती.

‘‘काका, पट्ट्या वाचा ना,’’ ती म्हणाली.

मी एकेक वाचत गेलो. ‘सर्वोत्कृष्ट बालकलाकार’, ‘लाडकी बालकलाकार’, ‘ठाण्याची लाडकी लेक’. आणि खाली प्रत्येक पट्टीवर मालिकेतल्या पात्राचं नाव. तिचं स्वतःचं नाव एकाही पट्टीवर नव्हतं. प्रमाणपत्रांवरही तेच. वडील म्हणाले, ‘‘स्टेजवर त्याच नावानं बोलवायचे. हिलाही तेव्हा आवडायचं. आम्हाला कधी खटकलंच नाही.’’

आता नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज भरायचा होता आणि त्यात मिळालेले पुरस्कार पुराव्यासह मागितले होते. तिला सगळ्या पट्ट्या स्वतःच्या नावानं नव्या करून हव्या होत्या. पैसे जे होतील ते द्यायला वडील तयार होते.

मी नाही म्हटलं. आयोजकांच्या पत्राशिवाय पुरस्काराचा मजकूर आम्ही बदलत नाही. न मिळालेल्या स्पर्धेचं ‘प्रथम क्रमांक’ कोरून मागणारे लोक अधूनमधून येतात, त्यांनाही हेच उत्तर असतं. तिचा चेहरा पडला.

‘‘म्हणजे ती मीच होते, हे आता मला सिद्ध करावं लागणार?’’

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात वडिलांनी पिशवीतून एक फाईल काढली. ते दोघं सकाळीच बँकेत जाऊन आले होते. बालकामगार नियमांत 2017 साली झालेल्या बदलानुसार बालकलाकाराच्या कमाईतले निदान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्याच नावानं मुदत ठेवीत टाकावे लागतात आणि मूल सज्ञान झालं की ते त्याला मिळतात. तीच पावती. त्याच्या मागे निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलेल्या हमीपत्राची प्रत होती, कारण सेट घोडबंदर रोडला, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच होता. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त चित्रीकरण नाही, शाळा बुडू द्यायची नाही. आणि खाली मुलांची यादी. त्या यादीत तिचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

सरकारी कागदानं तिला तिच्या नावानं ओळखलं होतं. तिचं कौतुक करणाऱ्यांनी मात्र नाही. मला याचा खरंच राग आला. आपल्याकडे दिल्लीत 23 सप्टेंबर 2025 ला राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार घेतला तेव्हा ‘नाळ 2’मधल्या चिमुरडीला त्रिशा ठोसर म्हणूनच बोलावलं, चिमी म्हणून नाही. 1935 साली सहा वर्षांच्या शर्ली टेंपलला छोटं ऑस्कर दिलं, तेही तिच्याच नावानं. ऑस्करवाले तर 2010 पासून विजेत्याच्या नावाची पट्टी त्याच रात्रीच्या मेजवानीत मूर्तीवर बसवून देतात. एवढी कदर पट्टीची. मग मंडळाच्या ट्रॉफीवर लेकराचं नाव घालायला काय जातं? एका ओळीचा तर प्रश्न असतो.

मंडळांची बरीचशी मंडळी माझी नेहमीची गिऱ्हाइकं. मी तिथेच बसून फोन लावले. पाचपाखाडीच्या एका मंडळाच्या सेक्रेटरींनी जुना अहवाल शोधला. त्यात फोटोखाली तिचं खरं नाव छापलेलं निघालं. संध्याकाळपर्यंत लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र घेऊन ते स्वतः दुकानात आले आणि येताना बायकोलाही घेऊन आले, तिला भेटायचं म्हणून. महिला मंडळाच्या काकूंनी फोनवरच ‘‘अगं बाई, असं कसं झालं!’’ म्हणत दुसऱ्या दिवशी पत्र पाठवलं. एक मंडळ आता राहिलेलंच नाही. त्यांची ट्रॉफी तशीच राहिली.

ज्यांची पत्रं आली त्यांच्या पट्ट्या मी स्वतः काढल्या. खालचा टेप जुना झाला की कडक होतो. हेअर ड्रायरनं ऊब दिली, पातळ पातं सरकवलं आणि पट्टी अखंड निघाली. तिच्या खाली बेसच्या लाकडाचा मूळ रंग तसाच गडद राहिलेला होता. नवा मजकूर कसा हवा विचारलं तर ती म्हणाली, ‘‘पात्राचं नाव पुसू नका काका, तीही मीच केली होती. फक्त माझं वर घ्या.’’ म्हणून तिचं नाव मोठ्या टाइपात, खाली ‘भूमिका’ लिहून पात्राचं नाव, मग मालिका आणि वर्ष. काढलेल्या पट्ट्या तिनं पाकिटात घालून नेल्या. अर्जाला जोडायला पत्रांच्या प्रती दिल्या. खरा पुरावा तोच, ट्रॉफीचा फोटो नव्हे, हेही तिला समजावलं.

तेव्हापासून मुलांच्या ट्रॉफीची ऑर्डर आली की मी मुलाचं पूर्ण नाव मागतो. परवा कळव्याच्या एका मंडळानं मालिकेतल्या मुलाचं नाव पात्राच्या नावानंच पाठवलं होतं. मी फोन केला. त्यांनाही खरं नाव माहीत नव्हतं, आईला विचारून तासाभरात कळवलं.

वाहिनीच्या दोन ट्रॉफ्या अजून माझ्याकडे आहेत. मुलीनं पत्रासाठी रीतसर मेल केली आहे, उत्तर यायचं आहे. पट्ट्यांचा मजकूर मी तयार करून ठेवला आहे.