हेल्पर – ४

सोमवार, दुसरी पाळी

आज लाइन छान चालली. हीटरने कुरकुर केली नाही, रोबोट अडला नाही, टार्गेट जेवणाच्या सुट्टीनंतर तासाभरातच हातात दिसायला लागलं. अशा दिवशी फोर्ज शॉपमध्ये, म्हणजे तापलेलं पोलाद ठोकून आकार देतात त्या विभागात, उभं राहायला मला अजूनही आवडतं.

आमच्याकडे ट्रकच्या इंजिनाचे क्रँकशाफ्ट होतात. कापलेल्या पोलादी बारचा तुकडा, म्हणजे बिलेट, इंडक्शन हीटरमधून साधारण १,२०० अंशांना तापून बाहेर पडतो. रोलमध्ये लांबतो, मग प्रेसखाली साच्यात, म्हणजे डायमध्ये, ठोकला जातो: आधी ब्लॉकरमध्ये कच्चा आकार, नंतर फिनिशरमध्ये पक्का, आणि शेवटी ट्रिमिंगला कडेला बाहेर आलेला जादा माल, म्हणजे फ्लॅश, कापला जातो. सगळं तुकडा लाल आहे तोवर उरकायचं.

प्रत्येक ठोक्यानंतर डायवर ग्रॅफाइटचं पाणी मारावं लागतं. एका प्रेसवर ते अजून हाताने मारतात. कमी पडलं तर माल डायला चिकटतो, जास्त झालं तर पाणी खाचेत साचतं आणि कोपरे भरत नाहीत. तिथे सध्या लातूरकडचा एक पोरगा आहे, ठेकेदाराकडून आलेला. आयटीआय फिटर. त्याच्या हातात हे काम बसलंय. डायचा रंग बघून तो ओळखतो कुठे कोरडी पडली. आमच्या शॉपमध्ये कानात प्लग घालूनच काम चालतं, बोलणं सगळं हातांनी, त्यामुळे कोण किती बोलतो यावर इथे माणूस कळत नाही. हातावरून कळतो. या पोराचा हात मी ओळखतो.

मंगळवार

हायड्रॉलिकची होज फुटली. अर्धी पाळी गेली. लिहिण्यासारखं काही नाही.

बुधवार

पाळी सुटताना तो पोरगा बस स्टॉपजवळ थांबला होता. "दादा, माझं या महिन्याअखेर संपायलंय." मला वाटलं आजारी-बिजारी आहे कोणी घरी. तसं नव्हतं. ठेकेदाराने सांगितलंय, आता ब्रेक, पुढचं नंतर बघू. या पट्ट्यात 'ब्रेक' म्हटलं की सगळ्यांना कळतं, काम बंद, परत कधी बोलावतील ते नक्की नाही. चाकणजवळ निघोज्यात, खराबवाडीत, म्हाळुंग्यात एकेका खोलीत चार-पाच पोरं राहतात आणि त्यातला एखादा तरी कायम ब्रेकवर असतो.

तो रडला नाही, तक्रारही केली नाही. त्याला एवढंच हवं होतं: फोर्जिंगचं काम केल्याचा दाखला. दुसऱ्या एका कारखान्यात प्रेसवर जागा आहे, तिथे अनुभव विचारतात. त्याच्याकडे दाखवायला फक्त पीएफचं पासबुक. त्यात ठेकेदाराच्या फर्मचं नाव आहे. ती फर्म हाउसकीपिंगची माणसंही पुरवते, सिक्युरिटीचीही. पासबुक बघून हा पोरगा क्रँकशाफ्ट करत होता की झाडू मारत होता, हे कोणाला कळणार?

मी म्हटलं, थांब, आपल्याकडे सगळी नोंद असते, मी काढून देतो.

गुरुवार

सकाळी लवकर गेलो आणि शिफ्ट रजिस्टरं काढून बसलो. त्याआधी क्वालिटीवाल्याकडून सहज एक जुना क्रँकशाफ्ट मागवला. त्यावर हीट कोड ठोकलेला असतो. पोलाद कारखान्यातल्या भट्टीचा एक घाणा म्हणजे एक हीट. तिला नंबर असतो, त्या नंबराचं सर्टिफिकेट असतं, त्यात कार्बन किती, मँगनीज किती, गंधक किती ते लिहिलेलं. काही वर्षांनी कुठल्याशा घाटात ट्रकचा क्रँक मोडला, तर तुकड्यावरचा कोड वाचून सांगता येतं की पोलाद कोणत्या हीटचं, तापवलं कधी, ठोकलं कोणत्या प्रेसवर, क्रॅक तपासणी कोणी केली. मोठ्या कंपनीची मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच. हजारो तुकड्यांत एकही तुकडा निनावी नाही. छोट्या वर्कशॉपला हे झेपत नाही. त्याला शिस्त लागते, पैसा लागतो, वर्षानुवर्षं तीच सवय लागते. बाहेरून कोणी कंपनी बघायला आलं की मी हा कोड अभिमानाने दाखवतो.

मग रजिस्टर उघडलं. तारीख, पाळी, प्रेस नंबर, हीट कोड, डाय नंबर, किती ठोकले, किती रिजेक्ट. ऑपरेटर: टोकन नंबर, म्हणजे कंपनीने दिलेला कामगार क्रमांक, आणि सही. सेटर: टोकन नंबर आणि सही. त्याखाली छापील रकाना: 'हेल्पर'. आणि समोर आकडा. ४. दुसऱ्या दिवशी ४. एके दिवशी ३.

पानामागून पानं उलटली. पोरगा कुठेच नाही. माझ्याच अक्षरातल्या पानांवरही नाही, कारण तिथे नाव लिहायला जागाच ठेवलेली नाही.

माझे वडील याच भागात नोकरीला होते. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि मग गवताळ माळावर एकामागून एक कारखाने उभे राहिले. वडिलांच्या पिढीतले लोक सातारा, सांगली, नगरहून हातात पत्र्याची पेटी घेऊन आले. त्यांना हजेरीपट कंपनीचा, टोकन कंपनीचं, कॅन्टीन कंपनीचं. संप झाले, टाळेबंदी झाली, साहेबांशी भांडणं झाली. पण भांडायला ते कंपनीचेच कामगार म्हणून उभे राहिले. आमचं घर त्या एका टोकनावर उभं राहिलं, माझं शिक्षण त्यावर झालं. म्हणून मोठ्या कंपनीबद्दल कोणी सरसकट वाईट बोललं की मला ते पटत नाही. आजही इथे सेफ्टी शूज मिळतात, दरवर्षी कानाची तपासणी होते, ओव्हरटाइमचा दुप्पट दर स्लिपवर दिसतो. खंडेनवमीला प्रेसला झेंडूचं तोरण लागतं, घरची माणसं आत येतात, माझी लेक एवढ्या मोठ्या मशीनसमोर मान वर करून उभी राहते. हे सगळं खरं आहे आणि माझं आहे.

आणि त्याच प्रेसवर माझ्याहून हातभर अंतरावर, तीच उष्णता अंगावर घेणारा, तेच ग्रॅफाइट नाकातोंडात जाणारा पोरगा 'हेल्पर – ४' मधला एक आकडा आहे. पोलादातल्या गंधकाची टक्केवारी आम्ही जपून ठेवतो. याचं नाव नाही ठेवत. मला हे सहन होत नाही. कोणी दुष्टपणाने केलंय असंही नाही, आणि त्यामुळे तर राग कोणावर काढायचा तेही कळत नाही.

शुक्रवार

टाइम ऑफिसला गेलो. उत्तर मिळालं की तो आमच्या रोलवर, म्हणजे कंपनीच्या पटावर, नाही, दाखला ठेकेदार देईल. ठेकेदाराच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, असा दाखला आम्ही देत नाही. दोघेही नीटच बोलले.

युनियन ऑफिसमधल्या मामांना विचारलं. कायद्याचं त्यांना चांगलं ठाऊक. कंत्राटी कामगाराला काम सोडताना ठेकेदाराने दाखला द्यायचा, हे १९७० च्या कायद्याखालच्या नियमांत होतं, आणि २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही मागितला तर अनुभवाचा दाखला द्यायचा असं लिहिलंय, केलेल्या कामाच्या तपशिलासह. "मागितला तर" हे महत्त्वाचं, मामा म्हणाले. पोरं तोंडी मागतात आणि तोंडी नकार घेऊन गावी जातात. लेखी माग, पोच घे, एक प्रत कंपनीला दे.

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये पोराला बसवून अर्ज लिहून घेतला. काय काम केलं ते त्याच्याच शब्दांत लिहायला लावलं. सुरुवातीला त्याने "मदतनीस" एवढंच लिहिलं. मी म्हटलं, अरे, डायवर स्प्रे कोण मारतं? गरम माल चिकटला की सांडस घेऊन कोण सोडवतं? लिही ते. मग त्याने पान भरून लिहिलं. अक्षर सुरेख आहे त्याचं.

शनिवार, पहिली पाळी

रजिस्टरात 'हेल्पर' समोर आज आकडा लिहिला नाही. चौघांची नावं लिहिली, आडनावासकट. रकाना लहान आहे, दोन नावं समासात गेली. साहेबांनी सही करताना पाहिलं, विचारलं, मी सांगितलं. फॉरमॅट कंट्रोल्ड आहे, म्हणजे मंजुरीशिवाय असा बदल करता येत नाही, असं ते म्हणाले. पण खोडायला लावलं नाही. फॉरमॅट बदलायचा तर क्वालिटीकडे रीतसर विनंती द्यावी लागते. ती आज लिहिली आहे, सोमवारी देणार. अर्जाची पोचही सोमवारीच मिळेल, ठेकेदाराचा माणूस तेव्हा गेटवर येतो.