तुम्ही विचारलंत म्हणून: बंदूक बनवायच्या क्लासला एवढे पैसे घालावेत का?

मंडळाच्या गणपतीत, ऑफिसात, परवा तर डेंटिस्टकडे बसलो असताना सुद्धा, विषय निघाला की प्रश्न ठरलेला. "अहो, त्या बंदुकीच्या क्लासला पैसे घातलेत ते वसूल झाले का?" आणि तोंडावर न विचारलेला प्रश्न म्हणजे हा माणूस डोक्याने बरा आहे ना. आधी तो निस्तरतो.

मी बनवली ती पिक्चरमधली धडाधड चालणारी रायफल नाही हो. ठासणीची आहे. कोकणात शेतावर डुकरं हाकायला असायची तशी, नळीच्या तोंडातून दारू, मग गोळी, मग गजाने ठासायचं. फक्त आपल्या जुन्या तोड्याच्या बंदुकीत पेटती वात लागायची आणि हिच्यात चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी बाहेरच्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे पेटवायच्या बारीक दारूवर पडते आणि आग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून आत जाते. तोफेच्या कानात खिळे ठोकले असं इतिहासात वाचतो ना, तोच कान.

आणि मी राहतो त्या पेनसिल्व्हेनियातच ही बंदूक जन्मली. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या आसपास आलेल्या जर्मन कारागिरांनी त्यांच्याकडची आखूड, जाड शिकारी रायफल लांब आणि सडपातळ केली, नळीच ४२-४४ इंच. जग तिला केंटकी रायफल म्हणतं आणि इथले लोक त्यावर चिडतात, बरोबरच आहे. नॅझरेथजवळ हिचं म्युझियम आहे, बघून या. ख्रिसमसनंतरच्या हरणांच्या सीझनला इथे बहुतेक भागांत गारगोटीचीच बंदूक चालते, त्यामुळे नुसती शोभेची वस्तू पण नाही. मी मात्र कागदावर मारतो, आणि तेही चुकतं.

आता पैसे. क्लास सहा दिवसांचा, फी ९५० डॉलर. नळी, लॉक (म्हणजे गारगोटी आपटवणारी यंत्रणा), पितळी सामान, मेपलचं लाकूड हे वेगळं, ११०० च्या आसपास. मोटेल, खाणं, पेट्रोल, आणि गेलेली रजा. बायकोने एक्सेलमध्ये टाकून २८०० काढले आणि शीट मला मेल केली, काही न लिहिता. तेवढ्यात चांगली तयार सेकंडहँड मिळते. म्हणजे तुम्हाला बंदूक हवी असेल तर क्लास सरळ तोट्याचा, विषय संपला. त्यात आता मशीनवर कापलेली किट्स आलीयेत, भाग असे बसतात की पटाशी जेमतेम लागते, संध्याकाळी टेबलावर बसून होईल. ते ज्यांना पुरेसं आहे त्यांनी तेच घ्या.

मी का गेलो ते सांगतो. आधी एक स्वस्त किट आणून अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये व्हिडिओ बघत घालवला होता. लॉकची खाच कोरताना जास्त कोरलं, फट एवढी की एटीएम कार्ड सरकेल, भुसा आणि इपॉक्सी भरून झाकली. ती अजून कपाटात आहे. व्हिडिओत तो माणूस कोरतो आणि बसतं. आपण कुठे चुकलो ते व्हिडिओला दिसत नाही.

क्लासमध्ये पहिला दिवस पटाशांना धार लावण्यात गेला. डोकं फिरलं माझं, ९५० डॉलर देऊन मी धार लावतोय. गुरुवारपर्यंत राग गेला होता. लॉकला दिव्याची काजळी फासायची, खाचेत बसवून हलकं ठोकायचं, काढायचं, जिथे काळं लागलं तेवढंच तासायचं, परत काजळी, परत ठोका, चाळीस-पन्नास वेळा, हात काळे, चहाचा कप काळा, कान खाजवला की कानही काळा. आणि मग कधीतरी ते लॉक आत जाऊन असं बसतं की बोटाला कड लागत नाही. हे कळायला कोणीतरी शेजारी उभं लागतं.

तिसऱ्या दिवशी कानाची जागा आखली. ती वाटीच्या मध्यावर यायला हवी, पण नळीच्या मागच्या टोकाला आतून बूच असतं, त्याच्या पुढेही हवी, नाहीतर आगीला आत वाटच नाही. ड्रिल हातात घेतलं होतं. सर मागून आले, माझ्या खुणेवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, बूच किती लांब आहे ते मोजलंस? मोजलं नव्हतं. खूण दोनेक मिलिमीटर मागे होती. नळी भंगारात गेली असती. माझ्या मते फी तिथेच फिटली.

पण हे माझ्या क्लासचं. एका मित्राच्या क्लासला बारा जण आणि शिकवणारा एक, रेशनच्या रांगेसारखा नंबर लावायचा. आम्ही पाच होतो. पैसे भरायच्या आधी हेच विचारा, किती जण आहात, आणि कोरलेला दस्ता, म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, देणार की कोरं लाकूड. सहा दिवसांत पूर्ण होते असं कोणी म्हणालं तर हसा. आमच्यातली एकाचीही झाली नाही, सगळे उघडं लाकूड घेऊन घरी. पुढचे चार महिने माझे. शेवटी लोखंड विरघळवलेलं नायट्रिक ॲसिड लाकडाला पुसायचं आणि हीट गन धरायची, हिरवट-पिवळं लाकूड बघता बघता तांबूस होतं आणि मेपलचे वाघासारखे पट्टे वर येतात. हीट गन बायकोने धरली होती. एक्सेलवालीनेच.

आणि नेहमीचा शेवटचा प्रश्न, लायसन्स. १९६८ च्या फेडरल कायद्यात अशी ठासणीची बंदूक फायरआर्म मध्ये धरत नाहीत, पण राज्यागणिक नियम बदलतात, न्यू जर्सीवाल्यांनी तर क्लास शोधायच्या आधी ते वाचा. भारतात ठासणीचीलाही लायसन्स लागतंच, तेव्हा येताना एक घेऊन ये म्हणणाऱ्या सिंधुदुर्गातल्या सगळ्या काकांना नमस्कार, फोटो पाठवतो.